अठ्ठ्याहत्तरचा खटका

गेल्या तीन वर्षांत मी टर्नटेबलवर १,८४,००० रुपये घातले. आकड्यात चूक नाही. एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाची नोंद आहे, धंदाच तो माझा. त्याच फाइलच्या दुसऱ्या शीटवर रेकॉर्ड्सची यादी आहे. त्या १९ आहेत. म्हणजे एका रेकॉर्डमागे यंत्राचा खर्च पडतो ९,६८४ रुपये. आणि त्या १९ मधल्या सहा मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलेल्या नाहीत.

पैसे माझे, हौस माझी, आणि हौसेला मोल नसतं हेही मला माहीत आहे. तरी हा लेख भांडणाचा आहे. भांडण आम्हा सात जणांशी आहे, त्यात पहिला मी. शिवाय पुण्या-मुंबईत, नाशकात, बंगळुरात आमच्यासारखे जे कोणी आहेत त्यांच्याशीही आहे. ज्यांच्या तोंडी 'गाणं' या शब्दापेक्षा 'सेटअप' हा शब्द जास्त वेळा येतो, ते सगळे यात आले.

आम्ही सात जण छत्रपती संभाजीनगरचे. तिघं घरून काम करणारे आयटीवाले, एक वाळूजच्या कारखान्यात मेन्टेनन्सला, एक दंतवैद्य, एक बँकेत, आणि एक अजून कॉलेजात, शेंडेफळ. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. उल्कानगरी, गारखेडा, सिडको, ज्याचा नंबर असेल तिथे. कार्यक्रम ठरलेला असतो. यजमानाने नवीन काय घेतलं ते आधी दाखवायचं. कार्ट्रिज असेल तर मोबाइलचा टॉर्च मारून सगळ्यांनी वाकून बघायचं. मग फोटो. मग डायर स्ट्रेट्सची 'ब्रदर्स इन आर्म्स' लावायची, कारण ती 'रेफरन्स' रेकॉर्ड. दोन मिनिटं ऐकायची, टोनआर्म उचलायचा, केबल बदलायची, परत तीच दोन मिनिटं. एका रविवारी आम्ही एकच गाणं नऊ वेळा लावलं आणि एकदाही संपू दिलं नाही. यजमानाची आई चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अरे, बिघडलंय का ते?"

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याचा वार असतो, आणि तो वार चुकला तर कॉलनीत भांडणं होतात. त्या शहरात आम्ही रेकॉर्ड धुवायला डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मागवतो. असो.

'ब्रदर्स इन आर्म्स'बद्दल एक गंमत. १९८५ च्या या अल्बमचं रेकॉर्डिंग डिजिटल टेपवर झालं होतं. म्हणजे ज्या 'अॅनलॉग उबेची' परीक्षा आम्ही त्या रेकॉर्डवर घेत होतो, ती उब मुळात शून्य आणि एकाच्या रांगांमधून आली होती. मला हे माहीत होतं. सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात मला चांगले मार्क होते. पण रविवारी ते बोललो नाही, कारण समोर पन्नास हजारांचं कार्ट्रिज होतं आणि चहा त्यांच्याच घरचा होता.

याहून मोठी फजिती अमेरिकेत झाली. मोबाइल फिडेलिटी ही तिथली कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या आवृत्त्या काढते. मूळ टेपवरून, शुद्ध अॅनलॉग, अशी तिची ख्याती. २०२२ मध्ये उघड झालं की कंपनी २०११ पासून अनेक रेकॉर्ड्सच्या वाटेत एक डिजिटल पायरी वापरत होती. मग खटला झाला आणि अडीच कोटी डॉलरची तडजोड. कंपनीने सांगायला हवं होतं, यात वाद नाही. मला दुसरीच गोष्ट खुपते. जगातले सर्वांत तयार म्हणवले जाणारे कान, लाखो रुपयांच्या यंत्रांवर, अकरा वर्षं त्याच रेकॉर्ड्स ऐकत होते आणि 'किती अॅनलॉग आहे हे' म्हणत होते. कानाने चोरी पकडली नाही. एका दुकानदाराने प्रश्न विचारले तेव्हा ती बाहेर आली.

तेव्हा आमच्या सात जोडी कानांना चांदीची केबल आणि तांब्याची केबल यांतला फरक कळतो, हा दावा मी इथेच मागे घेतो. माझ्यापुरता तरी. केबलचे पैसे परत मिळणार नाहीत.

आता पेटीची गोष्ट. माझे आजोबा, आईचे वडील, जालन्याला पोस्टात होते. घर विकायची वेळ आली तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावरून एक ट्रंक निघाली. मामाने ती भंगारात घालायची ठेवली होती. आईला माझ्या 'रेकॉर्डच्या वेडाची' आठवण झाली म्हणून ती आमच्या घरी आली. आत ६१ तबकड्या होत्या. २० छोट्या ईपी, त्यातल्या आठ मराठवाड्याच्या मे महिन्यांनी बशीसारख्या वाकलेल्या. बाकी ४१ मोठ्या, जड, काळ्या, कडेला टवके गेलेल्या. त्यातल्या बऱ्याच आजोबांच्याही वडिलांच्या वेळच्या असाव्यात. बालगंधर्वांची नाट्यपदं होती, हिराबाई बडोदेकर होत्या, काही कव्वाल, काही उर्दू गझला (आम्ही निजामाच्या राज्यातले, हे पेट्यांमध्ये दिसतं), आणि कितीतरी अशी नावं की जी मी कधी ऐकलीच नव्हती.

पुढच्या रविवारी त्यातल्या दहा मी मोठ्या दिमाखात नेल्या. त्या दिवशी नंबर दंतवैद्यांचा होता. त्यांचा सेटअप साडेतीन लाखांचा, आमच्यातला सर्वांत वरचा. त्यांनी पहिली तबकडी हातात घेतली, लेबल पाहिलं, आणि म्हणाले, "ही सेव्हन्टी-एट आहे. माझ्याकडे नाही वाजणार." माझ्या टेबलवरही नाही वाजणार. बाकीच्यांच्या? नाही, नाही, नाही. साताजणांची मिळून दहा-बारा लाखांची यंत्रं, आणि त्यातली सहा यंत्रं मिनिटाला ३३ आणि ४५ या दोनच गतींनी फिरतात. ७८ चा खटका होता फक्त शेंडेफळाच्या टेबलवर. ते आमच्यातलं सर्वांत स्वस्त. दोन वर्षं आम्ही त्याला 'हे डीजेवाल्यांचं आहे, बेल्ट ड्राइव्हवर ये, अपग्रेड कर' म्हणून सतावत होतो.

पण खटक्यानेही भागत नाही. ७८ ची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. एलपीची सुई त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी. ती ७८ च्या खाचेत टाकली तर तळाशी जाऊन घासत बसते, आणि तिथे वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला असतो. गाणं खाचेच्या भिंतींवर असतं, तळाशी नाही. तीन मिलची सुई सातातल्या एकाकडेही नव्हती. ती दुर्मीळ नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत, जी आमच्यातल्या निम्म्यांकडे आहे, खास ७८ साठीची सुई मिळते. जुनी सुई ओढून काढायची, नवी बसवायची, एवढंच काम. तिची किंमत माझ्या चांदीच्या केबलपेक्षा कमी आहे. तीन वर्षांत ती घ्यावी असं एकालाही वाटलं नव्हतं.

इथे माझं भांडण सुरू होतं.

भारतात व्यापारी रेकॉर्डिंग सुरू झालं १९०२ मध्ये, कलकत्त्यात, फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं गाणं घेतलं तेव्हा. तिथपासून पुढची साठेक वर्षं आपल्याकडे तबकडी म्हणजे ७८. पाश्चात्त्य देशांनी ती सोडून दिली तरी इथे १९६० च्या दशकात ती निघतच होती. बीटल्सची गाणीही भारतात ७८ वर छापली गेली, आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी धावतात. कारण सरळ होतं. खेड्यात वीज नव्हती, चावीचा फोनो होता, आणि चावीचा फोनो ७८ च वाजवतो. आपल्याकडचा एलपीचा जमाना त्या मानाने आखूड. ऐंशीच्या दशकात कॅसेटने तो गुंडाळायला सुरुवात केली. म्हणजे संगीत नाटकांचा मोठा काळ, अब्दुल करीम खाँ, तमाशा-लावणीच्या जुन्या गायिका, जी. एन. जोशींचं सुरुवातीचं भावगीत, हे सगळं आधी ७८ वर आलं. यातलं जे पुढे एलपीवर आलं ते कंपनीने निवडलं म्हणून आलं. जे निवडलं नाही ते फक्त त्या टवके गेलेल्या तबकड्यांवर आहे, आणि त्या तबकड्या मामांच्या माळ्यावर आहेत.

आता आमचा सेटअप बघा. साडेतीन लाखांच्या यंत्राने ही साठ वर्षं पुसून टाकली आहेत. आमच्या धंद्यात नवीन व्हर्जनवर जुन्या फाइल्स उघडेनाशा झाल्या तर त्याला कोणी अपग्रेड म्हणत नाही. त्याला रिग्रेशन म्हणतात, आणि ज्याने ते ढकललं त्याला रात्री अकराला फोन येतो.

१९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर एकेक तबकडी लावली. तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवी गाताहेत. ती रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. आता नासाच्या लोकांचं डोकं बघा. व्हॉयेजरची तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे फिरवायची आहे. ती ज्याला सापडेल त्याच्याकडे तसलं यंत्र नसेल, म्हणून त्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली, आणि कसं वाजवायचं ते वेष्टणावर कोरून दिलं. परग्रहावरच्या कुणासाठी सुईची सोय झाली. जालन्याच्या पोस्टमास्तरांच्या रेकॉर्डसाठी, बासष्ट किलोमीटरवर राहणाऱ्या त्यांच्या इंजिनिअर नातवाकडे नव्हती.

सुई मागवली. ती यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर तबकड्या स्वच्छ करून ठेवू म्हटलं. स्वच्छतेत मी पारंगत. एलपीसाठीचं महागातलं क्लीनिंग सोल्युशन होतं, मायक्रोफायबरचं कापड होतं, आणि पाणी तर डिस्टिल्ड होतंच. एक तबकडी विशेष बुरसटलेली होती. लेबल कसरीने खाल्लेलं. गायिकेच्या नावाचा पहिला भाग गेला होता, उरलं होतं फक्त 'बाई'. गाण्याचं नावही अर्धं. आतल्या बाजूला, लेबलाजवळ, बुरशी जास्त, म्हणून तिथे जोर लावून पुसलं. कापड काळं झालं. छान मळ निघतोय असं वाटलं. अजून पुसलं. कापड अजून काळं. तबकडीची चकाकी गेली आणि तिथे मंद, चिकट पट्टा दिसायला लागला, तेव्हा थांबलो.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात एकाच्या दारांना पॉलिश चाललं होतं. पॉलिशवाले चाचा जिन्यात बसून दुपारचा डबा खात होते. माझ्या हातातलं कापड आणि तबकडी बघून त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. त्यांनी सोल्युशनची बाटली हुंगली.

"ये तो चपडा है बेटा. चपडे को इस्पिरिट कायको लगाया?"

चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. सुतारकामात तो स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवतात, विरघळला की पॉलिश तयार. ७८ ची तबकडी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचीच असते. माझ्या सोल्युशनमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल होतं. एलपी विनाइलची, तिला ते थोडंबहुत चालतं. लाखेला अल्कोहोल म्हणजे मिठाला पाणी. चाचांच्या डब्याशेजारच्या बरणीत तेच चाललं होतं जे मी गेली पंधरा मिनिटं तबकडीवर करत होतो. बी.ई.ला मटेरियल्सचा एक पेपर होता. पास झालो होतो.

सुई आली. शेंडेफळाच्या घरी, त्याच्या डीजेवाल्या टेबलवर, ७८ चा खटका दाबून आम्ही आधी बाकीच्या लावल्या. त्या वाजल्या. बालगंधर्वांचं एक पद पूर्ण वाजलं आणि सातातला कोणी मध्ये बोललं नाही. आमच्या इतिहासात पहिल्यांदाच एक गाणं संपलं. मग ती 'बाई' लावली. खरखर, मग सारंगी, मग एक चढा, टोकदार आवाज, हसल्यासारखा. दीड मिनिटं. पुढे सुई माझ्या पट्ट्यात शिरली आणि नुसता पाऊस. शेवटपर्यंत पाऊस.

जुन्यातल्या जुन्या तबकड्यांवर गायिका गाणं संपताना आपलं नाव सांगत. ध्वनिमुद्रणं छापायला जर्मनीला हॅनोव्हरला जायची, तिथल्या कारागिरांना कोणाची तबकडी ते कळावं म्हणून, असं सांगतात. या बाईंनी नाव सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असेल तर ते लेबलाजवळच्या शेवटच्या रेघांमध्ये होतं. तीच जागा मी सर्वांत जास्त घासली होती.

याला कोणी अपघात म्हणेल. मी म्हणत नाही. तीन वर्षं मी सुईचा कोन आरशात बघून लावायला शिकलो, ट्रॅकिंग फोर्स दोन ग्रॅम की एक पूर्णांक नऊ यावर वाद घातले, मूव्हिंग मॅग्नेट आणि मूव्हिंग कॉइलच्या मिलिव्होल्टांची तुलना तोंडपाठ केली. हे सगळं ज्ञान यंत्राचं होतं. तबकडी कशाची बनते हे एकदाही विचारलं नाही, कारण आमच्या गप्पांमध्ये तबकडी हे यंत्र तपासायचं साधन आहे. रस्ता गाडीच्या टेस्ट ड्राइव्हसाठी असावा तशी. अमेरिकेतल्या ल्युमिनेट या संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की तिथे विनाइल विकत घेणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांकडे रेकॉर्ड प्लेअरच नाही. आम्ही त्यावर फार हसलो होतो. आमच्याकडे प्लेअर आहे आणि ऐकणं नाही. आम्ही उरलेले निम्मे.

जुन्या बाजाराबद्दलही बोलायला हवं. रविवारी जाफर गेटला आठवडी बाजार भरतो. तिथे जुन्या सामानाच्या पथाऱ्यांवर मिक्सरची भांडी, मोबाइलचे चार्जर आणि नळाच्या तोट्यांमध्ये कधीमधी रेकॉर्ड्स निघतात. प्रल्हाद शिंदेंचा आवाज, भीमगीतं, कव्वाल्या, 'शोले'चे संवाद. बहुतेक घासलेल्या असतात. आमच्यातले दोघं एकदा गेले आणि 'एकही नियर मिंट नाही' म्हणून हात हलवत आले. नियर मिंट ही रेकॉर्डच्या प्रकृतीची परदेशी प्रतवारी आहे. म्हणजे जवळजवळ न वाजवलेली. अरे, पण ती मंडपवाल्याची रेकॉर्ड आहे. लग्नात, जयंतीला, गणपतीत, भोंग्याला जोडून ती शंभर वेळा वाजली आहे. आमच्या भागात खरे संग्राहक हे लाऊडस्पीकरवाले. गावात दहा घरांकडे फोनो नसायचा, पण लाऊडस्पीकरवाल्याकडे पेटीभर रेकॉर्ड असायच्या आणि त्या सगळ्या गावाच्या असायच्या. नवरदेव पारावर आला की कोणती लावायची हे बायका ओरडून सांगत, असं माझी आजी सांगते. त्या घासलेल्या खाचेला आम्ही नापास करतो आणि तीन हजारांची नवीकोरी रिइश्यू प्लास्टिकच्या बाहीत घालून, बोटाचा ठसा उमटू न देता, फडताळात उभी करतो.

आमच्याकडे 'शेअर करणं' म्हणजे फोटो टाकणं. दिवा मंद, टोनआर्मवर फोकस, मागे मनी प्लांट. त्यातून आवाज येत नाही. सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' काढला, ५,००० गाणी भरलेला डबा, जुन्या रेडिओसारखा. आम्ही त्याला 'काकांचा ब्लूटूथ स्पीकर' म्हणून हसलो. पण माझ्या आजीने तो लावला की शेजारच्या दोन आज्या येऊन बसतात. माझ्या सेटअपसमोर आजवर कोणी शेजारी येऊन बसलेला नाही. बसायला एकच खुर्ची आहे, दोन स्पीकरांपासून बरोबर समान अंतरावर.

यावर आमच्यातल्या एकाचा मुद्दा असा की एवढं कशाला, सगळं यूट्यूबवर आहे. सगळं नाही. आणि जे आहे त्यातलं किती चुकीच्या गतीने आहे ते बघा. ७८ हे नाव नंतर पक्कं झालं. सुरुवातीच्या काळातली बरीच ध्वनिमुद्रणं त्याहून कमी-जास्त गतीने झालेली आहेत. गतीत सहा टक्के फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो: काळी एकचा षड्ज पांढरी दोनमध्ये जातो, बाई वयाने लहान वाटायला लागते, तान घाईची वाटते, आणि आपण खाली कॉमेंट करतो, 'काय तयारी होती तेव्हाच्या लोकांची!' हे दुरुस्त करायला पट्टी ओळखणारा एखादा पेटीवाला लागतो आणि गती बदलणारं सॉफ्टवेअर. पेटीवाले शहरात आहेत. सॉफ्टवेअर फुकट आहे. ऑडॅसिटीत तर टेबलवर ७८ नसलं तरी भागतं: योग्य सुई लावून तबकडी ४५ वर वाजवायची, रेकॉर्ड करायची, आणि मग गती ७८ ची करायची. फोनो प्रीअँपने लावलेली आरआयएए ही एलपीची समतोल-रेषा आधी उलटी फिरवून काढावी लागते, पण त्यासाठीचं फिल्टरही त्यातच आहे. म्हणजे आमच्या साडेतीन लाखांच्या टेबलवरसुद्धा त्या दिवशी हे जमलं असतं. जमवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसरा मुद्दा कायद्याचा निघाला, हा बँकवाल्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. ट्रंकेतल्या बहुतेक ७८ त्या रेषेच्या पलीकडच्या आहेत. कवी-संगीतकारांचे हक्क वेगळे मोजतात, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे नेटवर टाकण्याआधी प्रत्येक गाण्याचं बघावं लागेल. पण घरच्या रेकॉर्डची जपून प्रत करून ठेवायला आणि चार माणसांना घरात बोलावून ऐकवायला कोण अडवणार आहे?

हे काम आपण शोधून काढलेलं नाही. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. तिथले सुरेश चांदवणकर हे पदार्थविज्ञानाचे माणूस. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी लेबलं, क्रमांक, गायक-गायिकांची माहिती गोळा केली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं, ऐकण्याच्या बैठका घेतल्या. त्यांचं लिखाण वाचताना मला शरम वाटली ती याची की त्यात यंत्राच्या ब्रँडबद्दल जवळजवळ काही नसतं. गाणारी कोण, कुठली, कोणत्या साली, मागच्या बाजूला काय, याचीच चौकशी.

टर्नटेबल वाईट, असं माझं म्हणणं नाही. चांगल्या कार्ट्रिजने फरक पडतो, मीच सांगतो. जुनी झिजलेली सुई तबकडी खाते, ती बदललीच पाहिजे. पण एका पातळीनंतर पुढच्या प्रत्येक रुपयाला जे मिळतं ते कानाला कळत नाही, फोटोला कळतं. ती पातळी आमच्या सातही जणांनी केव्हाच ओलांडली आहे. 'एंडगेम' असा एक शब्द आमच्यात चालतो: आता हे शेवटचं, यापुढे घेणे नाही. दंतवैद्यांचा एंडगेम चार वेळा झाला आहे. माझं म्हणणं आहे की तो आजच झाला असं समजा. पुढचा रुपया तीन मिलच्या सुईवर, कागदी बाह्यांवर, उभ्या ठेवायच्या लाकडी पेट्यांवर आणि जाफर गेटच्या पथारीवर खर्च करा. पुढचा रविवार मामाच्या, आत्याच्या, शेजारच्या काकांच्या माळ्यावर. मे महिना येण्याआधी.

मागच्या महिन्यात हे मी बैठकीत बोललो. दोघं रागावले. एक म्हणाला, तू बिघडवलीस एक तबकडी, त्याचं खापर आमच्या हौसेवर का? त्याचं बरोबरच आहे. ती मी बिघडवली, आणि ती भरून येणार नाही. मी फक्त एवढं विचारलं, ती माझ्या हातून बिघडताना तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं का, की लाखेला स्पिरिट चालत नाही? सात जण, तीन वर्षं, सत्तावीस बैठका. कोणाला माहीत नव्हतं.

आतापर्यंत ३४ तबकड्यांच्या प्रती झाल्या आहेत. एक्सेलला तिसरी शीट आली: लेबल, क्रमांक, खाचेच्या टोकाशी कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, नाव, गाव, किती ऐकू येतं. 'बाई'च्या ओळीत नावाचा रकाना मोकळा आहे. दीड मिनिटाची फाइल मात्र आहे. मॅट्रिक्स क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे भिंगाखाली दिसतात, पहिले दिसत नाहीत. तो आवाज कोणी ओळखेल म्हणून मी फाइल फोनमध्ये घेऊन फिरतो. एका पेटीवाल्या बुवांनी दोनदा ऐकून सांगितलं, पट्टी काळी चार असावी, तुझी गती जरा जास्त झाली आहे, कमी करून आण.

पुढचा नंबर माझा आहे. खुर्ची बाहेर काढली आहे, सतरंजी घातली आहे. आजी येणार आहे, तिच्या दोघी मैत्रिणी येणार आहेत. पॉलिशवाले चाचा म्हणाले, त्यांच्या सासऱ्यांकडे कव्वाल्यांच्या सात-आठ आहेत, घेऊन येतो. फोनवर सांगितलं, नुसत्या कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून आणा, पुसू नका. तर हसले.

"वो मेरे को मत बता."